हातात कसब आहे, फायलीत कागद नाही: अनुभवावर प्रमाणपत्र काढायची वाट

गेल्या उन्हाळ्यात माझ्या फॅब्रिकेशनच्या शॉपवर परतूरकडचा एक जण आला. वय असेल पस्तिशीचं. काम मागत होता. मी वेल्डिंगचा होल्डर हातात दिला आणि सहा एमएमच्या दोन पट्ट्या उभ्या लावून दिल्या. खालून वर रन घेत त्यानं असं वेल्डिंग केलं की चिपिंग हॅमरचा एक टोला बसला आणि खपली सबंध सुटून पडली. वेल्डिंगवाल्यांना यातलं काय ते कळलं असेल.

"सर्टिफिकेट काही आहे का?"

"मामा, पंधरा वर्सं झाली वेल्डिंगच करायलोय. कुणी मागितलंच नाही."

"मग आता?"

"आता मागायलेत."

एका साखर कारखान्याच्या ऑफ सीझनच्या दुरुस्तीचं काम त्याच्या गुत्तेदाराला मिळालं होतं. गेटवर सेफ्टीवाल्यानं प्रत्येक वेल्डरचा कागद मागितला. याच्याकडं आधार कार्ड सोडून काही नव्हतं, म्हणून हजेरी लागली हेल्परची आणि पगारही हेल्परचा. काम मात्र वेल्डरचं करून घेतलं.

अशी माणसं जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, वाळूज-शेंद्र्याच्या शेडमध्ये, लातूर-नांदेडच्या बांधकामांवर पैशाला पासरी आहेत. काम येतं, कागद नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही याच वाटेनं गेलोय, ठेचा खाल्ल्यात, त्यामुळं कुठं दगड आहे ते सांगू शकतो.

आधी विचारा: कागद मागतंय कोण?

बहुतेक जण इथंच चुकतात. "सर्टिफिकेट काढायचंय" म्हणत सेतू केंद्रावर जातात आणि समोरचा जे काढून देईल ते घेऊन येतात. अनुभवाच्या जोरावर मिळणारे कागद एकाच जातीचे नाहीत. साधारण चार आहेत आणि प्रत्येकाचं कुलूप वेगळं.

कंपनीत, गुत्तेदाराकडं किंवा साइटवर "कुशल कामगार" म्हणून उभं राहायचं असेल तर आरपीएलचं प्रमाणपत्र. आरपीएल म्हणजे आधी शिकलेल्याची मान्यता. तुम्ही कुठं शिकलात हे विचारत नाहीत, येतं का एवढं तपासतात.

सरकारी भरतीच्या जाहिरातीत "आयटीआय उत्तीर्ण" लिहिलेलं असेल तर आरपीएल तिथं चालेल असं धरून बसू नका. तिथं लागतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे आयटीआयचा खरा कागद. तो बाहेरून परीक्षा देऊनही मिळवता येतो, पण ती वाट लांबची आहे.

घरोघरी वायरिंगची कामं घ्यायची असतील तर प्रमाणपत्रासोबत परवाना लागतो. आणि स्वतःचं दुकान, स्वतःची अवजारं असलेला सुतार, लोहार, गवंडी, शिंपी असाल तर पीएम विश्वकर्मा ही केंद्राची कारागिरांसाठीची योजना.

ज्या दारातून आत जायचंय त्या दारावरच्या माणसाला एकदा स्पष्ट विचारा, "साहेब, नेमका कुठला कागद चालेल?" जमलं तर लिहून घ्या. पुढचे सहा महिने वाचतात.

पुराव्याची पिशवी

फॉर्म भरायच्या आधी एक प्लास्टिकची फाइल घ्या आणि जमवायला लागा. पूर्ण कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

पहिलं म्हणजे अनुभवाचं पत्र. माझं पहिलं पत्र परत आलं होतं. ज्या शॉपमध्ये मी सात वर्षं काढली त्या मालकानं मोठ्या मनानं लिहून दिलं, "बाळू आमच्याकडे चांगले काम करतो." सही, तारीख. झालं! त्यात माझं पूर्ण नाव नाही, कधीपासून कधीपर्यंत ते नाही, काय काम ते नाही, शॉपचा नोंदणी क्रमांक नाही. आधारवर मी बालाजी. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "हा बाळू कोण?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पत्र लेटरहेडवर हवं. त्यात आधारवर आहे तसंच पूर्ण नाव, काम सुरू केल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव आणि कामाचं दोन ओळींत वर्णन: "एमएस प्लेट व पाइपचे आर्क वेल्डिंग, ग्राइंडिंग, ड्रॉइंग पाहून कटिंग". खाली उद्यम, शॉप अॅक्ट, फॅक्टरी लायसन्स किंवा जीएसटी यांपैकी जो क्रमांक असेल तो, सही, शिक्का आणि मालकाचा फोन. मालकाला वेळ नसतो. तुम्हीच मजकूर टाइप करून न्या, तो सही करेल. दिवाळीच्या तोंडावर किंवा डिस्पॅचच्या दिवशी जाऊ नका, एवढं व्यवहारज्ञान तुम्हाला आहेच.

मालक पत्र देत नसेल किंवा शॉपच बंद पडलं असेल तर? गुत्तेदारानं पीएफ कापला असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या क्रमांकानं पीएफच्या साइटवर सर्व्हिस हिस्टरी निघते. कुठल्या आस्थापनेत कधी लागलात, कधी सोडलं, सगळं तारखांसह. कित्येकांना आपला पीएफ कापला जात होता हेही तिथंच पहिल्यांदा कळतं. ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, पगाराच्या स्लिपा, बँक पासबुकात दर महिन्याला त्याच नावानं जमा झालेला पगार, जुना गेटपास, हे सगळं जोडपुरावा म्हणून ठेवा. बांधकामावरच्या माणसांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी केली असेल तर तिच्यासाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला काढलेला असतोच, ग्रामसेवकाचा नाहीतर गुत्तेदाराचा. त्याचीही झेरॉक्स लावा.

मोबाइलमधले फोटोही फेकू नका. तुम्ही बनवलेलं गेट, शेड, बांधलेली भिंत, भरलेला पॅनल. काम चालू असताना, तुम्ही स्वतः दिसाल असे. परीक्षक बघतो की नाही हा त्याचा प्रश्न, पण बोलायला विषय मिळतो.

आता नावाचं. आधारवर एक, टीसीवर दुसरं, बँकेत तिसरं, ही मराठवाड्यातली घरोघरची गोष्ट. आडनावाऐवजी गावाचं नाव, "राव" कुठं आहे कुठं नाही. टीसी हरवली असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतली तुमच्या नावाची नक्कल मिळते. कुणबी नोंदींच्या निमित्तानं हा शब्द आता गावोगाव पाठ झालाय. शाळेचा कागद प्रमाण धरून आधार दुरुस्त करा. पण जपून: आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत स्पेलिंग चुकवून घेतलंत तर एक संधी गेली. आणि आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो चालू आहे ना, तेही बघून घ्या. ओटीपी मेव्हण्याच्या बंद पडलेल्या सिमवर जातो आणि मग सगळं अडतं.

आरपीएल: नोंदणी ते परीक्षा

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली आणि आरपीएल तिचाच एक भाग आहे. या योजनेतून केलं तर उमेदवाराला फी नाही. योजनेबाहेर फी भरूनही मूल्यमापन होतं, म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी विचारा की हे योजनेतलं आहे की बाहेरचं, आणि पावती घ्या.

नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर होते. तिथं आधारनं खातं उघडा. पण नुसतं खातं उघडून कुणी बोलवायला येत नाही. जवळ कुठं बॅच लागणार आहे ते हुडकावं लागतं. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुनी माणसं त्याला अजून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच म्हणतात. तिथं जाऊन तुमच्या कामाची आरपीएल बॅच आहे का विचारा, आयटीआयमध्ये विचारा. बॅच तीन प्रकारे लागते: केंद्रावर, कंपनीच्या आवारात, किंवा एकाच कामाची बरीच माणसं जिथं आहेत तिथं कॅम्प लावून. तुम्ही पंधरा-वीस गवंडी एकाच गावचे असाल तर एकेकट्यानं जाऊ नका. यादी करून जा, कॅम्पचं बोलणं सोपं जातं.

बीड, धारूर, केज, वडवणीकडच्या माणसांना एक सांगणं: ऊसतोडीला जात असाल तर हे काम कारखाने बंद होऊन परत आल्यावर, पाडव्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत उरका. पेरणी लागली की पुन्हा कुणी मोकळं नसतं.

फॉर्ममध्ये "जॉब रोल" निवडायचा असतो. इथं घाई नको. वेल्डिंगचे प्रकार वेगळे, रोल वेगळे. तुम्ही आयुष्यभर काडीचं आर्क वेल्डिंग केलं आणि फॉर्म भरणाऱ्या पोरानं टिगचं (काडीच्या होल्डरऐवजी टॉर्चनं करायचं वेल्डिंग) निवडलं, तर परीक्षेत टिगचीच टॉर्च हातात येणार. बांधकामातही गवंडी, शटरिंगवाला, बार बेंडर हे वेगवेगळे रोल आहेत. प्रत्येक रोलला एक पातळी असते, ती राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातून येते. हा आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये आला. मदतनीस खालच्या पातळीवर, स्वतंत्र कारागीर तिसऱ्या-चौथ्यावर, त्यावर सुपरवायझर. वीस वर्षांच्या मिस्त्रीला घाईघाईत "असिस्टंट"च्या बॅचमध्ये कोंबतात, कारण ती भरायची राहिलेली असते. नाही म्हणा.

मग समुपदेशन, त्यानंतर ओरिएंटेशन. ते १२ तासांचं असतं, दोन-तीन दिवसांत होतं. त्यात कामाची उजळणी, सुरक्षा, बोलणं-चालणं आणि परीक्षा कशी असते ते सांगतात. "मला काय शिकवणार हे पोरगं" असं वाटेल. बसा तरीही. तुम्हाला जे हातानं येतं त्याची पुस्तकातली नावं तिथं कळतात आणि परीक्षेत नावंच विचारतात.

परीक्षेच्या दिवशी

परीक्षा घेणारा माणूस शिकवणाऱ्या केंद्राचा नसतो, बाहेरचा असतो. साधारण तीन भाग: टॅबवर प्रश्न, प्रत्यक्ष काम आणि तोंडी. टॅबवर भाषा निवडायची सोय असेल तर मराठी घ्या. मराठी प्रश्न कधीकधी असे असतात की इंग्रजी बरं वाटावं, तरी घ्याच.

प्रत्यक्ष कामात आपली माणसं सहसा पडत नाहीत. पडतात ती तोंडीत, आणि त्याहून जास्त सुरक्षेत. सवयीनं चष्मा न लावता ग्राइंडर सुरू केला की तिथंच मार्क गेले. म्हणून काम सुरू करायच्या आधी थांबा आणि जे करताय ते मोठ्यानं बोला. "साहेब, आधी केबल कुठं सोललीय का बघतो. अर्थ क्लॅम्प जॉबला लावतो. जवळ थिनरचा डबा नाही ना बघतो. हातमोजे, एप्रन, शील्ड घातली." वेडगळ वाटतं, पण परीक्षकाच्या कागदावर या प्रत्येक वाक्यासमोर एक चौकोन असतो.

वेल्डरला हमखास विचारतात काडीबद्दल. आपण दहा नंबरची काडी, बारा नंबरची काडी म्हणतो. तिथं एमएममध्ये सांगा: दहा नंबर म्हणजे ३.१५, बारा नंबर म्हणजे २.५, आठ नंबर म्हणजे ४. पाकिटावर ६०१३ लिहिलेलं असतं ते रोज बघतो, पण अर्थ विचारला की गप्प. पहिले दोन आकडे ताकदीचे, चौरस इंचाला ६० हजार पौंड. तिसरा १, म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही पोझिशनला चालते. शेवटचा आकडा वरच्या लेपाचा आणि करंटचा. एवढं आलं तरी परीक्षकाचा चेहरा बदलतो. काडी ओलसर असेल तर काय होतं, करंट जास्त झाला तर कडेला खाच का पडते, हे तुम्हाला माहीतच आहे. खाचेला "अंडरकट" म्हणायचं, बस्स.

बार बेंडरला विचारतात रिंगबद्दल, म्हणजे उभ्या गजांभोवती बांधायच्या सळईच्या कड्याबद्दल. कॉलमच्या रिंगचं टोक किती वळवायचं? काटकोनात वळवून मोकळं होणारे पुष्कळ. उत्तर १३५ अंश, म्हणजे टोक कॉलमच्या पोटात शिरलं पाहिजे. का? भूकंपात बाहेरचं कव्हर आधी फुटून गळतं. टोक काटकोनात असेल तर रिंग उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला भूकंप काय ते सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत पडली ती मुख्यतः दगड-मातीची घरं, रिंगवाले कॉलम नव्हेत. पण आपण बांधतो ते कशासाठी असं बांधायचं, हे त्या भागातला गवंडी अधिक चांगलं सांगू शकतो. सांगावं.

गवंड्यानं काटकोन कसा काढतोस म्हटल्यावर नुसता गुण्या दाखवू नये. तीन-चार-पाचचा हिशोब दोरीनं करून दाखवावा. ओळंबा लावताना हात थरथरला तर थांबावं. वारा असेल तर तसं सांगावं. काँक्रीटला पाणी किती दिवस मारायचं याचं "साहेब म्हणतील तेवढं" हे उत्तर आम्हाला हसू आणतं, परीक्षकाला नाही. सात दिवस तरी सांगाच.

परतूरच्या त्या माणसाला मी शॉपमध्येच चार संध्याकाळी असं बोलायला लावलं. काम करताना तो कधी बोललाच नव्हता. पहिल्या दिवशी "मी आता... करायलो" एवढ्यावर अडकायचा. चौथ्या दिवशी माझ्याच हेल्परला रागावला, "चष्मा कुठंय रे तुझा?"

आयटीआयचा कागद बाहेरून

ही वाट सरकारी भरतीवर डोळा असणाऱ्यांची. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसता येतं. अट अनुभवाची आणि शिक्षणाची. वेल्डर म्हणजे संधाता, वायरमन म्हणजे तारतंत्री, या ट्रेडना आठवी चालते. फिटर म्हणजे जोडारी आणि इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री यांना दहावी लागते. ही मराठी नावं लक्षात ठेवा, फॉर्मवर आणि जाहिरातीत तीच असतात आणि माणसं "संधाता म्हणजे कोण?" म्हणत पुढं जातात. चौकशी तुमच्या सरकारी आयटीआयमध्ये करा. मराठवाड्याचं व्यवसाय शिक्षणाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. इथं अनुभवाचं पत्र नोंदणी असलेल्या आस्थापनेचंच लागतं आणि ते कसून तपासतात. अभ्यासक्रमही पूर्ण असतो, वेल्डरचा वर्षाचा, तारतंत्री-जोडारीचा दोन वर्षांचा. ट्रेड थिअरी वाचल्याशिवाय निघत नाही.

दहावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. लातूर, नांदेड, धाराशिवला लातूर विभागीय मंडळ. बाकी पाच जिल्ह्यांना छत्रपती संभाजीनगर. आखातात जाणाऱ्यांना दहावीचा आणखी एक फायदा: दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट लागत नाही.

वायरमनांनो, हे वेगळं वाचा

आरपीएल पास झालात म्हणून वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर सही करता येत नाही. महावितरणच्या नव्या कनेक्शनला लागणारा तो रिपोर्ट परवानाधारक विद्युत ठेकेदाराचाच लागतो. परवाने देतं राज्याचं अनुज्ञापक मंडळ आणि चौकशीची जागा म्हणजे जिल्ह्याचं विद्युत निरीक्षक कार्यालय. म्हणून आज ज्याच्या हाताखाली काम करताय तो ठेकेदार परवानाधारक आहे का ते बघा. असेल तर तुमचं नाव त्याच्याकडं कागदोपत्री असू द्या. उद्या अनुभव दाखवायला तोच कागद उपयोगी. बिनपरवान्याच्या माणसाकडं दहा वर्षं राबलात तर ती दहा वर्षं मोजायला फार कठीण.

विश्वकर्मा, थोडक्यात

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली योजना. १८ व्यवसाय: सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट, चांभार वगैरे. नोंदणी सीएससीवर, म्हणजे गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रावर, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. एका कुटुंबातल्या (नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं) एकालाच मिळतं, म्हणून घरात आधीच ठरवा. वेल्डर, प्लंबर, वायरमन यात नाहीत. "घुसवून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

दलाल

"दहा हजार द्या, परीक्षा नको, आयटीआयचा ओरिजिनल कागद घरपोच." असे नंबर बसस्टँडच्या भिंतींवर असतात. कागद दिसतो हुबेहूब. कंपनी क्यूआर कोड स्कॅन करते तेव्हा काही उघडत नाही, किंवा दुसऱ्याच माणसाचं नाव येतं. मग नोकरी जातेच, वर पोलिसांत गेलं तर ज्यानं कागद वापरला त्याच्या गळ्यात. खरा कागद स्किल इंडियाच्या पोर्टलवर आणि डिजिलॉकरमध्ये तुमच्या आधारनं दिसतो. दिसत नसेल तर तो कागद नाही. प्रतिज्ञापत्राचा बाँड करून "अनुभव" तयार करून देणारेही आहेत. शंभराचा बाँड आता पाचशेचा झालाय, एवढाच त्यात फरक. तुम्हीच तुमच्याबद्दल लिहिलेलं तुमचा अनुभव ठरत नाही.

निकालाला वेळ लागतो. महिनाभर काही कळलं नाही तर केंद्राला फोन करा, बॅच क्रमांक सांगा. हा क्रमांक ओरिएंटेशनच्या पहिल्या दिवशीच लिहून घ्या, नंतर कुणाला आठवत नाही. प्रमाणपत्र आलं की नाव, जॉब रोल, पातळी वाचा आणि चूक असेल तर लगेच कळवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. पीडीएफ स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा आणि दोन रंगीत प्रिंट फाइलमध्ये लावा.

परतूरकरानं त्याचं प्रमाणपत्र मला फोटो काढून पाठवलं, निम्म्यात अंगठा आलेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, गेटवर हजेरी आता वेल्डरची लागायली. आणि त्याच्या धाकट्या भावाचं नाव आधारवर "रामदास" आणि टीसीवर "रामा" आहे, त्याचं आधी काय करायचं?